घरच्यांना पाठवा

२ फेब्रुवारी

मॅडमनी आज मला एका नव्या कामाला लावलं. मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टर. जूनमध्ये त्या निवृत्त होतील. त्याआधी त्यांना डॉक्टरांच्या परिषदेत एक निबंध वाचायचा आहे. आपल्या रुग्णालयात दहा वर्षांत स्तनांच्या किती गाठी तपासल्या, त्यांत साध्या किती, कर्करोगाच्या किती, कोणत्या वयात कोणती. "रजिस्टरं तुम्हीच लिहिलीत, अक्षरही तुमचंच वाचता येतं. तुम्हीच काढा आकडे," म्हणाल्या, आणि ही जाड वही दिली. वहीत पुढून तक्ता चालेल, मागून हे माझं लिहिणं.

हे लिहायचं कारण राग. गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, राग आला की पाटीवर लिही, एकदा वाच आणि पुसून टाक. आता पन्नाशी आली, पाटी उरली नाही. वहीत लिहिलेलं पुसत नाही, पण निदान दुसऱ्यावर ओरडावं लागत नाही.

आजचा राग शिवणवालीच्या नवऱ्यावर. बाई चाळिशीच्या आसपासची, कपडे शिवते. गळ्यात मोजपट्टी तशीच लटकवून येते, जणू आपण कामातून उठून आलोय हे तिला कळलेलंच नसतं. तिच्या गाठीचा तुकडा नोव्हेंबरात आला. मीच तो मेणात बसवला, कापला, रंगवला. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि मी टाइप केला. चौदा नोव्हेंबरला रिपोर्ट तयार. लिफाफ्यावर लाल पेन्सिलीचा ठिपका. ठिपका म्हणजे कर्करोग.

बारा ते एक रिपोर्ट द्यायला खिडकीवर मी बसतो. ती दुसऱ्यांदा आली.

"झाला का?"

"झालाय, ताई. पण घरच्या कोणाला तरी पाठवा."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालात."

"मग का नाही पाठवलंत?"

"मालक बाहेर असतात."

"आले की पाठवा. सही लागते."

सही कोणाचीही चालते. हे खोटं मी नऊ वर्षं बोलतोय आणि देवाने ते माफ केलं असेल अशी माझी समजूत आहे. पण नवरा बाहेर असतो म्हणजे काय? अडीच महिने? बायकोच्या अंगात विष वाढतंय आणि हा बाहेर! असल्या माणसाला खिडकीसमोर उभं करून चार शब्द सुनवावेत असं फार वाटलं.

५ फेब्रुवारी

पहिली दोन रजिस्टरं झाली. जुना कागद, धूळ, दिवसभर शिंका.

दहा वर्षांपूर्वीचं माझंच अक्षर बघताना ती मुलगी आठवली. वय सत्तावीस. खिडकीवरच लिफाफा फोडला, वाचला आणि उभी होती तशी मागे कोसळली. डोकं पायरीवर आपटलं. रक्त मीच पुसलं. त्या संध्याकाळी मी देवासमोर बराच वेळ बसलो होतो. दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या साहेबांना विचारून नियम केला. गाठ साधी असेल तर रिपोर्ट बाईच्या हाती द्यायचा. ठिपका असेल तर घरच्या माणसाच्या हाती. घरचं माणूस सांभाळून सांगेल, धरून बसेल. खिडकीवर पुठ्ठ्याची पाटी मीच लिहिली: 'काही रिपोर्ट नातेवाइकांच्याच हाती दिले जातील.' गुरुजींनी शिकवलेलं वळण, एकही अक्षर रेघेखाली गेलेलं नाही.

मी मोठा माणूस नाही. पण वर गेल्यावर कोणी विचारलं, काय केलंस, तर ही एक पाटी दाखवता येईल.

बायकोला जेवताना हे सगळं पुन्हा सांगितलं. ती शाळेच्या ग्रंथालयात काम करते, तिला पाट्या-नियम आवडतात असा माझा अंदाज.

ती म्हणाली, "आणि एखादीला स्वतःच न्यायचा असेल तर?"

"मग तिला कळेल ना!" मी हसलो.

"तिचंच आहे ना ते?"

बायकांचा हट्ट. मी भाजी वाढून घेतली.

११ फेब्रुवारी

आकडे भरताना एक गोष्ट दिसते. विशी-पंचविशीच्या मुलींच्या गाठी जवळजवळ सगळ्या साध्या. बोटाखाली गोटीसारख्या सरकणाऱ्या. पस्तिशीपासून चित्र मिसळतं, एक साधी, एक वाईट, दोन साध्या. पंचेचाळिशीनंतर लाल शाई वाढत जाते. वाईट गाठी मी लाल शाईने भरतोय म्हणून. मॅडम म्हणतात, पुस्तकात असतं त्यापेक्षा आपल्याकडे वाईट गाठी पाच-सात वर्षं लवकर दिसतात आणि मोठ्या होऊन येतात. "येतात तेव्हा लिंबाएवढ्या. इतके दिवस काय करत असतात या बायका?"

मला ते हातानेच कळतं. साधी गाठ चाकूखाली रबरासारखी. वाईट असेल तर पातं करकरतं, कच्च्या फळात रेती असावी तसं. सव्वीस वर्षांत तो आवाज चुकलेला नाही. त्या आवाजाला मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतो. त्या बाईला कोणीतरी सांभाळायला हवं म्हणून.

आज बायकोने आपण होऊन विचारलं, "दुखत नसेल तर गाठ चांगली ना?"

मला बरं वाटलं. माझ्या कामात तिने एवढा रस कधी घेतला नव्हता. मी नीट समजावलं की लोक उलटं समजतात. दुखणारी बहुधा साधी. न दुखणारी, घट्ट, जागची न हलणारी, तिच्याकडे लक्ष द्यायला हवं. काखेपर्यंत कसं जातं तेही हाताने दाखवलं. ती ऐकत राहिली, मग उठून ताटं घेऊन गेली. मी फार बोललो असणार. वरच्या फळीवरचा डबा तिने मलाच काढायला लावला. हल्ली डावा खांदा धरलाय म्हणते. पुस्तकं उचलून उचलून होणारच.

१८ फेब्रुवारी

शिवणवाली तिसऱ्यांदा. या वेळी काही विचारलंच नाही. खिडकीसमोर उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. शिवणाऱ्या लोकांची नजर वेगळी असते, खांद्यापासून खांद्यापर्यंत माप घेतात.

"ताई, मालक आले का?"

"नाही."

"भाऊ? दीर? सासरे?"

"सासरे आहेत. अंथरुणाला खिळलेत. खाटेसकट आणू?"

बाकावरच्या दोघी-तिघी हसल्या. मला राग आला, पण तिच्यावर नाही.

"फोन नंबर द्या मालकांचा. मी बोलतो."

"तुम्ही बोलणार?" ती म्हणाली. "बोला हो. तुमच्याशी बोलला तर मलाही सांगा काय म्हणाला ते." आणि निघून गेली. नंबर न देताच.

नवऱ्याला इतकं पाठीशी घालतात या बायका! म्हणून तर तो शेफारलाय.

मावशी फरशी पुसत होती. आमच्याकडे वीस वर्षं झाडलोट करते, मला मास्तर म्हणते. फडकं पिळत म्हणाली, "मास्तर, त्या बाईला कळलंय हो."

"काय कळलंय?"

"असू द्या." आणि बादली घेऊन गेली. मावशीचं वय झालं. हल्ली अर्धी वाक्यं बोलते.

२३ फेब्रुवारी

आजचा राग सगळ्यांत मोठा. अक्षर बिघडलंय, दिसतंच आहे.

मॅडमनी सांगितलेले रकाने संपले. दहा वर्षांत तेराशे आठ गाठी. साध्या नऊशे एकतीस, कर्करोगाच्या तीनशे सत्त्याहत्तर. बेरीज तीनदा तपासली. मग सहज, कोणी सांगितलं नसताना, मी आणखी एक रकाना आखला. रिपोर्ट तयार झाल्याची तारीख आणि नेल्याची तारीख. दोन्ही रजिस्टरात आहेत, मीच घालतो. आजवर त्यांची वजाबाकी कोणी केली नव्हती.

साधे रिपोर्ट चार-पाच दिवसांत जातात. लाल ठिपक्याचे कित्येक महिनोन्‌महिने पडून. अठ्ठ्याऐंशी बायकांचे रिपोर्ट महिन्यावर थांबले. आणि एकतीस कधीच कोणी नेले नाहीत. एकतीस! पोलादी कपाटाच्या खालच्या खणात ते अजून आहेत. मी खण उघडून बघितला. लिफाफे पिवळे पडलेत, ठिपके मात्र तसेच लाल.

एकतीस घरांत एकही माणूस नव्हता? बाप नाही, भाऊ नाही, नवरा नाही, पोरगा नाही? जनावर आजारी पडलं तर रात्रीतून धावतील. बाई म्हणाली असेल, "रिपोर्ट आणायचाय," आणि हा म्हणाला असेल, "बघू." या शहरातल्या पुरुषांना एका रांगेत उभं करावं आणि त्या पिवळ्या लिफाफ्यांनी तोंडावर मारावं.

तक्ता मॅडमना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. "हे आपल्या विषयाबाहेरचं आहे. आपण गाठींबद्दल बोलतोय, नातेवाइकांबद्दल नाही."

"पण मॅडम, इतके दिवस काय करत असतात असं तुम्हीच विचारलंत."

"तो सामाजिक प्रश्न झाला," म्हणाल्या आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

सामाजिक प्रश्न! म्हणजे कोणाचाच नाही. मी दार जरा जोरात लावलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

बायको घरी म्हणाली, "कोणावर एवढे चिडलात?"

"निष्काळजी नवऱ्यांवर."

ती माझ्याकडे बघून हसली. कसली हसली ते कळलं नाही.

२७ फेब्रुवारी

मावशीशी भांडलो. लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

खिडकी बंद केल्यावर मी बाकाशेजारी उभा राहून पुरुषांच्या नावाने बोटं मोडत होतो. मावशी ऐकून घेत होती. शेवटी तिने झाडू भिंतीला टेकवला.

"मास्तर, या बाकावर बायका काय बोलतात, ऐकलंय कधी?"

"मी खिडकीच्या आत असतो."

"तेच तर! नवी बाई आली की जुनी तिला सांगते. रिपोर्ट हातात दिला तर देवाला नारळ. 'घरच्यांना पाठवा' म्हणाले तर समज, तुझं आटपलं."

मी पाटीकडे बघितलं.

"सगळ्यांना माहीत आहे?"

"मला नऊ वर्षं माहीत आहे. रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालासुद्धा. तुम्ही ते वाक्य बोलता ना, एवढं गोड बोलता, ताई-ताई करून, की बाई तिथल्या तिथे पांढरी होते. कागद नाही हातात, पण शिक्षा कळली. मग घरी जाऊन काय सांगेल? 'चला, माझा मरणाचा कागद घेऊन या'? काही सांगतात. काही गप्प बसतात. कागद नाही म्हणजे आजार नाही, असं करून काढतात दिवस. आणि कागद नाही म्हणजे वरचे सर्जनसाहेबही हात लावत नाहीत."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही पाटीवरची धूळ रोज स्वतःच्या रुमालाने पुसता. कसं बोलणार?"

मी तिला म्हणालो, तू तुझं काम कर, अडाणी बायकांच्या गप्पा मला सांगू नकोस. असं म्हणालो. अडाणी. मी स्वतः सातवीपर्यंत शेणाने सारवलेल्या वर्गात बसलेला माणूस. ती झाडू घेऊन गेली. आज तिने माझं टेबल पुसलं नाही.

१ मार्च

रविवार. वही घरी आणली होती.

मावशी चुकते हे सिद्ध करायला बसलो. ते सोपं होतं, कारण दहा वर्षांपैकी पहिल्या वर्षी पाटी नव्हती. त्या वर्षी मी सगळे रिपोर्ट मागेल तिच्या हातात देत होतो. म्हटलं, दोष पुरुषांचा असेल तर त्या वर्षीही तेवढाच उशीर दिसेल.

पहिलं वर्ष. कर्करोगाच्या गाठी एकोणतीस. दहा दिवसांच्या आत नेलेले रिपोर्ट अठ्ठावीस. एकोणतिसावा अठराव्या दिवशी, रस्ता वाहून गेला होता, तशी शेऱ्याच्या रकान्यात नोंद आहे. कोसळलेली ती मुलगीही या एकोणतिसांतलीच. डोक्याला टाके पडले, आणि तिसऱ्या दिवशी ती शस्त्रक्रियेला दाखल झाली. हेही माझ्याच अक्षरात आहे. मला फक्त रक्त आठवत होतं.

पाटीनंतरची नऊ वर्षं. तीनशे अठ्ठेचाळीस. अठ्ठ्याऐंशी उशिरा. एकतीस कधीच नाहीत.

महिन्यावर पडून राहिलेले सगळेच्या सगळे पाटीनंतरचे.

पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा नाही मोजलं.

संध्याकाळी प्रार्थनेला बसलो, पण काही म्हणवलं नाही. काय म्हणू? दरवेळी पातं करकरलं की मी 'हिला सांभाळ' असं म्हणत होतो, आणि तिला मदत मिळायची खिडकी मीच लावून बसलो होतो. दया केली म्हणे! नऊ वर्षं रुमालाने पुसत होतो ती दया.

बायकोने विचारलं, "बरं नाही का?" मी म्हणालो, "आकडे." ती शेजारी बसून राहिली. काहीतरी बोलणार असं वाटलं, मग उठली.

५ मार्च

चार दिवस माझ्या तोंडून 'घरच्यांना पाठवा' निघालं नाही. ठिपक्याचा लिफाफा नेमका एकही नव्हता, नाहीतर काय केलं असतं कोण जाणे.

आज मावशीची माफी मागितली. "चहा पाजा," म्हणाली, "अडाणी माणूस चहावर खूश असतं." हे ती मला महिनाभर तरी ऐकवणार. ऐकवू दे.

मग मॅडमकडे. दार लावून घेतलं आणि दोन ओळी त्यांच्यापुढे ठेवल्या, पाटीआधीची आणि पाटीनंतरची. आज त्या विषयाबाहेरचं म्हणाल्या नाहीत. चष्मा वर करून दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या.

"यातल्या सहा वर्षांच्या रिपोर्टांवर माझी सही आहे," म्हणाल्या. "आणि मी सगळीकडे सांगत हिंडतेय की बायका उशिरा येतात."

"त्या वेळेवर आल्या होत्या, मॅडम. मी त्यांना परत पाठवलं."

त्यांनी मला 'तुमची चूक नाही' असं काही म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. खालच्या खणातल्या एकतीस जणींचे पत्ते काढायला सांगितले. "आणि त्या शिवणवालीचं उद्याच."

६ मार्च

पत्ता बाजाराच्या मागच्या गल्लीत. तळमजल्यावर एक खोली, मशीन खिडकीशी, आतल्या खाटेवर सासरे भिंतीकडे तोंड करून. ती कोणाच्या तरी झग्याची बाही लावत होती. मला पाहून पाय थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"घरच्यांना पाठवणार होते ना मी? तुम्हीच आलात."

मी लिफाफा पुढे केला.

"बसा. एवढी बाही होऊ दे."

"ताई, आधी हे—"

"इतके दिवस थांबले. बाहीला काय लागतंय?"

मी स्टुलावर बसलो. तिने बाही पूर्ण केली, दोरा दाताने तोडला, झगा झटकून घडी घातला. मग लिफाफा घेतला. आधी ठिपक्यावरून अंगठा फिरवला. वाचला. कोसळली नाही. नळाचं पाणी प्यायली.

"नोव्हेंबरातच कळलं होतं. तुम्ही ताई म्हणालात तेव्हाच."

"मालकांना तरी सांगायचं होतं."

"मालक सहा वर्षांपूर्वी गेले दुसरीकडे. तिकडे दोन मुलं आहेत त्यांना. खिडकीवर चारचौघींत सांगू हे? सही द्यायला नवरा नाही म्हणून?"

आतून सासऱ्यांनी पाणी मागितलं. ती देऊन आली.

मी तिला त्या कोसळलेल्या मुलीबद्दल सांगितलं. का सांगितलं? अजूनही स्वतःला सोडवायचं असेल. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"ती पडली, म्हणून तुम्ही रिपोर्ट अडवलेत?"

"हो."

"खुर्ची का नाही ठेवलीत?"

नऊ वर्षांत हे मला सुचलं नाही. देवासमोर इतका वेळ बसून सुचलं नाही.

तिला सोबत घेऊन वर सर्जनकडे गेलो. तपासून झाल्यावर ते मला बाहेर म्हणाले, काखेत गेलंय. उपचार आहेत, करू, पण मोठं काम झालं. नोव्हेंबरात आली असती तर... वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. हा अर्धा भाग आता मला पुरेल, मरेपर्यंत.

रजिस्टर उघडून नेल्याची तारीख घातली. तिने स्वतः सही केली. तयार झाल्यापासून एकशे बारा दिवस.

७ मार्च

पाटी काढली. मागे भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय. खिडकीच्या आत दोन खुर्च्या आणि पाण्याची बाटली ठेवली. ठिपका बंद. रिपोर्ट कोणताही असो, बाईला आत बोलावून मॅडम समोर बसून सांगणार. बरोबर कोणी हवं असेल तर ती ठरवेल.

घरी येऊन बायकोला हे सगळं सांगितलं. शिवणवाली, खुर्ची, एकतीस. वाटलं, ती जवळ येईल, म्हणेल, जाऊ द्या, तुम्ही मुद्दाम नाही केलंत.

ती जागची हलली नाही. म्हणाली, "काढली पाटी? नक्की?"

"काढली."

"मग आता सांगते. मला गाठ आहे."

मी उठून उभा राहिलो.

"डावीकडे. ऑक्टोबरपासून. दुखत नाही."

"ऑक्टोबर? आणि मला... अगं, मी रोज तेच काम करतो! सव्वीस वर्षं!"

"म्हणूनच!" ती ओरडली. लग्नाला चोवीस वर्षं झाली, तिचा हा आवाज मी ऐकला नव्हता. "तुमच्याच टेबलावर येणार माझा तुकडा. तुम्हीच कापणार, तुम्हीच टाइप करणार. माझ्या अंगातलं तुम्हाला आधी कळणार. आणि मग तुम्ही घरी येऊन गोड बोलणार, भाजी चांगली झाली म्हणणार, आणि मी तुमच्या तोंडाकडे बघत बसणार, काय लपवताय म्हणून. माझं घरचं माणूस तुम्हीच ना? मग रिपोर्ट तुमच्याच हाती! मी विचारलं होतं तुम्हाला, एखादीला स्वतःच न्यायचा असेल तर? हसलात."

हसलो होतो. मागची पानं उलटली. लिहून ठेवलंय. खांदा, फळीवरचा डबा, दुखत नसलेली गाठ, सगळं माझ्याच हाताने लिहून ठेवलंय. गुरुजींचं वळण, एकही अक्षर रेघेखाली नाही, आणि मी ते वाचलं नव्हतं.

१२ मार्च

सुईने तपासणी झाली. मी आठवड्याची रजा टाकली. मॅडमना सांगितलं, तिचं काचपट्टीवरचं काही मला दाखवू नका, टाइपही दुसऱ्याकडून करून घ्या. मॅडम म्हणाल्या, "मी स्वतः करीन. दोन बोटांनी. चुका असतील, पण माझ्या असतील."

बायको माझ्याशी कामापुरतं बोलते. तिचा राग खरा आहे. माझा इतके दिवस नुसता आवाज होता.

प्रार्थनेत काय मागावं कळत नाही. साधी निघू दे म्हणालो की शिवणवाली समोर येते. तिच्यासाठी कोणी मागितलं होतं? मी. आणि काय झालं?

१९ मार्च

सकाळी साडेअकराला आम्ही गेलो. मी खिडकीच्या बाहेर, बाकावर बसलो. सव्वीस वर्षांत त्या बाकावर पहिल्यांदा. लाकूड मधोमध खोलगट झालंय, बायका बसून बसून. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "तुमचं कोण?" म्हटलं, "बायको." ती म्हणाली, "आत बोलावलं ना? आता सगळ्यांनाच बोलावतात, काही कळत नाही. पूर्वी तो एक होता, त्याच्या बोलण्यावरून लगेच कळायचं."

मी मान हलवली.

बारा वाजून दहा मिनिटांनी ती बाहेर आली. लिफाफा हातात, उघडलेला. तिने तो घडी घालून पिशवीत टाकला आणि जिना उतरायला लागली. मी मागे धावलो.

"काय आलं?"

"घरी गेल्यावर सांगते."

"अगं, पण—"

"रस्त्यात नको. तुम्ही कोसळाल."

रस्ताभर मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. काही दिसत नव्हतं. तिने वाटेत पुस्तकांना चिकटवायची पट्टी घेतली, दुकानदाराशी दोन शब्द बोलली. हसलीही. घाबरलेलं माणूस असं हसतं का? की घाबरलेलंच असं हसतं? घरी आल्यावर जेवण केलं. मला वाढलं. "भाजी कशी झालीय?" म्हणाली. मी घास हातातच धरून होतो. पिशवी दाराच्या खुंटीला लटकत होती, सहा पावलांवर. उठून बघता आलं असतं. दोनदा उठलो, दोनदा बसलो. ते माझं नव्हतं.

तीन वाजले, चार वाजले. ती शाळेच्या फाटक्या पुस्तकांना पट्ट्या लावत बसली. मी घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. सगळे आकडे डोक्यात, वय शेहेचाळीस, न दुखणारी, पाच महिने. माझाच तक्ता माझ्यावर धावून येत होता. शेवटी तिच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो, "सांग. जे असेल ते. नको असं करू."

तिने घड्याळ बघितलं. पुस्तक बाजूला ठेवलं.

"साधी आहे," म्हणाली.

मला रडू आलं. मग राग आला, भयंकर, आणि तो तोंडापर्यंत येऊन थांबला, कारण ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतही पाणी होतं.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"पाच. पाचला दहा मिनिटं."

"म्हणजे पाच तासही नाही झाले."

तिने कात्री उचलली. पुन्हा पट्टी कापायला घेतली. मी उठून देवासमोर उभा राहिलो, हात जोडायला वर नेले आणि खाली घेतले. मग वही काढली. पुढच्या बाजूला, शिवणवालीच्या ओळीत, शेऱ्याचा रकाना अजून रिकामा होता. मॅडम तो निबंधात वाचून दाखवणार आहेत. तिथे लाल शाईने लिहिलं: रिपोर्ट वेळेवर तयार. रुग्ण वेळेवर हजर, तीनदा. एकशे बारा दिवसांचा उशीर प्रयोगशाळेच्या खिडकीवर झाला.

आणि खाली, रेघ सोडून, सही केली.